जसे ऐकले तसे

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज दोन वह्या घेतल्या. हिरवी कार्यालयाच्या टेबलावर राहणार, पोलीस कधीही येऊन बघणार. ही लाल वही माझी. हिरवीत काय लिहायचं ते आज शिकवलं. लाल वहीत काय लिहायचं ते कुणी शिकवलेलं नाही, तेवढंच बरं.

शहरातल्या सगळ्या मंगल कार्यालयवाल्यांना आणि नाट्यगृहवाल्यांना पोलिसांनी बोलावलं होतं. अतिरेकी हल्ल्याच्या धास्तीनं वरून नवा आदेश आलाय. पाचशेच्या वर माणूस जमतो तिथं दारात धातू शोधायचं यंत्र, चारी बाजूंनी कॅमेरे, मागची दारं मोकळी, कामगारांची ओळखपत्रं आणि एक ‘जबाबदार व्यक्ती’. आमच्या मालकांनी, उदयसिंहांनी, कागदावर माझं नाव टाकलं आणि मग विचारलं, “पिराजी, चालंल न्हवं?” एकवीस वर्षं त्यांच्या कार्यालयाचा मॅनेजर आहे, त्यांची ही पद्धत मला पाठ आहे.

शिकवणारे साहेब तरुण, लांबून बदली होऊन आलेले. बोलणं छापल्यासारखं. पडद्यावर मागच्या हल्ल्यांचं एकेक चित्र दाखवत होते. मोडलेल्या खुर्च्या, चपलांचा ढीग. शेवटी एक फॉर्म दिला, ‘संशयास्पद बाब’ नावाचा. “ऐकलेलं बोलणं शब्दशः लिहा,” म्हणाले. “स्वतःचा अर्थ लावू नका. अर्थ लावायचं काम आमचं. तुमचं नाव गुप्त राहील.”

घरी सांगितलं तर संयोगिता म्हणाली, “तुमी आणि सुरक्षा? झुरळ दिसलं की खुर्चीवर चढताय.” बायकोला नवऱ्याची किंमत नसते हेच खरं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

यंत्र आलं. चौकट उभी केली आणि वायरी जोडायला निसारला बोलावलं. निसार आमचा साउंड-लाइटवाला, गडमुडशिंगीचा. अठरा वर्षं माझ्याबरोबर आहे. मला आण्णा म्हणतो, आणि त्याचं ऐकून आता आचारी, वाढपी, फुलवाले सगळे आण्णाच म्हणतात.

यंत्र चालू केलं आणि बोंब सुरू. मंगळसूत्राला ओरडतं, जोडव्यांना ओरडतं, फेट्याच्या ब्रोचला ओरडतं. निसार म्हणाला, “आण्णा, पोरीच्या अंगावर सोनं किती ते बघून वरडतंय. ह्याला यंत्र न्हाय, सासू म्हणायची.” पोट धरून हसलो. सोमवारपासून पहिल्यांदाच.

त्याच्या लेकीचं, शाहिस्ताचं लग्न १२ डिसेंबरला आमच्याच कार्यालयात ठरलंय. मुलगा इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग आहेत. “आजवर दुसऱ्याच्या पोरी थाटात स्टेजवर आणल्या, आण्णा. आता माझी,” म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. मलाही कसंतरी झालं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचं फक्त इथंच लिहितोय.

दुपारी साखरपुडा होता. पंगत उठल्यावर खुर्चीखाली एक निळी पिशवी दिसली. जड होती. वाटलं, कुणाचा आहेर राहिला. मी ती दोन्ही हातांनी उचलून ऑफिसात आणली आणि अंबाबाईच्या फोटोखाली ठेवली. वर संध्याकाळची उदबत्तीही तिथंच लावली.

थोड्या वेळानं ते तरुण साहेब आले. सोबत साध्या कपड्यातली दोन माणसं आणि आमचे मालक. “एक निळी पिशवी होती, कुठे आहे?” मी मोठ्या अभिमानानं दाखवली. “उघडली का?” म्हटलं, “दुसऱ्याची वस्तू कशी उघडीन, साहेब? आपल्यात तशी पद्धत न्हाय.” साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही अकरा मिनिटांपूर्वी मेलात. तुमच्याबरोबर खालची साडेतीनशे माणसंही.”

आत दोन विटा होत्या आणि एका कागदावर लाल शाईत ‘बॉम्ब’ असं लिहिलेलं होतं.

पुन्हा असं झालं तर कार्यालयाला सील लागेल आणि जबाबदार व्यक्तीवर कारवाई होईल, असं लिहून घेतलं. सही माझी. मालकांनी ती उदबत्ती चिमटीनं विझवली आणि निघून गेले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आता माझ्या पाठीवरच बसलाय. आचाऱ्यानं कुकरची शिटी काढली तर मी खाली वाकलो. फुलवाल्याची टोपली उपडी करून बघितली. एक म्हातारी डबा घेऊन आली होती, तिला म्हटलं डबा उघडा, तर म्हणाली, “घरचा ठेचा हाय बाळा, खातोस का?” लाज वाटली, तरी बोटानं ठेचा उकरून तळ बघितला.

वरबाप विजयसिंहराव येऊन गेले. रविवारी त्यांच्या थोरल्याचं लग्न. एक मंत्रीही येणार म्हणतात. निसारला समोर बसवून त्यांनी ऑर्डर दिली. खुर्चीवर हात आपटून म्हणाले, “निसार, पोराच्या एंट्रीला जाळ अन् धूर संगटच पायजे! मंत्र्याला कळू दे कोल्हापूर काय असतंय!” निसार म्हणाला, “मालक, तुमी फकस्त बघत ऱ्हावा.” आम्ही तिघं हसलो. मी चहा मागवला. विजयसिंहराव गेल्यावर मीसुद्धा आचाऱ्याला म्हणालो, रविवारी रश्श्यालाही जाळ अन् धूर संगटच येऊ दे.

पण मंत्री येणार म्हटल्यापासून मागच्या दारांच्या कड्या तीनदा बघून आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी टेम्पोतून दोन लाल सिलेंडर उतरले. निसारनं ते स्टेजच्या मागं ठेवले. धुराच्या मशीनला लागतात, शंभर वेळा बघितलेत. तरी आज दोनदा परत जाऊन बघितले. मग अकराच्या सुमारास मी स्टेजमागच्या खोलीत पडदे मोजत होतो. निसार पलीकडं फोनवर बोलत होता. मी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

“रविवारी. बाराच्या ठोक्याला. समदी आत आली की दारं लावून घ्यायची, लाइटी बंद. मंत्री फुडं बसलेला असंल. मग जाळ अन् धूर संगटच काढायचा. एकबी माणूस खुर्चीत बसलेला दिसला न्हाय पायजे.”

पडदे किती मोजले ते विसरलो.

निसारवर माझा संशय नाही. हे इथं स्पष्ट लिहितो. पण तो बोलत कुणाशी होता? इचलकरंजीत त्याचा भाचा मुजम्मिल आहे, तो धुराचं मशीन चालवतो, त्याच्याशीच असेल. पण तिथं मागावर परगावची किती माणसं येतात, कोण कुठला काय माहीत. निसार चांगला आहे, पण चांगल्या माणसालाही कुणी नादाला लावू शकतं. सोमवारी विजयसिंहराव तसंच बोलले होते, पण त्यांचं वेगळं. त्यांच्या घरचं लग्न आहे.

तासभर फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो. शेवटी एकच विचार केला, अर्थ लावायचं काम माझं नाही. ऐकलं तसं लिहिलं. बोलणाऱ्याचं नाव, निसार. वस्तू, दोन सिलेंडर, लाल. वेळ, रविवार दुपारी बारा. बोलणं, शब्दशः. एकही शब्द खोटा नाही.

फॉर्म देऊन आल्यावर हलकं वाटलं. दोन घास जास्तच जेवलो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पोलिसांनी निसारला कार्यालयातूनच नेलं. शिडीवर चढून झुंबर बांधत होता. खाली उतर म्हणाले तर तो म्हणाला, “एवढी गाठ मारतो, साहेब, न्हायतर कुणाच्या डोस्क्यात पडंल.” गाठ मारली आणि उतरला. जाताना मला हाक मारली, “आण्णा, घरी नजीराला फोन करा, म्हणावं जरा येळ लागंल.” मी हो म्हटलं.

फोन केला नाही. काय सांगणार होतो? सिलेंडरही नेले आणि त्याचा मोबाईलही.

माझं नाव गुप्त आहे. साहेबांनी तसं सांगितलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्न पार पडलं. काही झालं नाही. दुसरा साउंडवाला आणला, तो फार फार तर बरा. मंत्री आलेच नाहीत. बारा वाजता नवरदेव आत आला तेव्हा मी मागच्या दाराच्या कडीला हात लावून उभा होतो. तोंडानं अंबाबाईचं नाव चालू. बारा वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली. अक्षता पडल्या. कडीचा गंज हाताला लागला होता तो जेवतानाही गेला नाही.

काही झालं नाही, म्हणजे आपण केलं ते बरोबरच केलं. विजयसिंहराव वैतागले होते, “अरं, जाळ कुठाय, धूर कुठाय?” मी म्हटलं, निसार आजारी आहे. जेवणं आटोपताच ते सगळं घर घेऊन बालाजीला गेले.

१ डिसेंबर, सोमवार

निसारला शुक्रवारची रात्र ठेवून सोडलं, पण रोज सकाळी दहाला चौकीत हजर व्हायचं आणि अंधार पडेपर्यंत बाकड्यावर बसायचं. त्याची बायको नजीरा आज कार्यालयात आली. तिनं कधी माझ्यासमोर आवाज चढवला नाही, आजही नाही. म्हणाली, “आण्णा, कुणीतरी कागद दिलाय म्हणं. कुणाचं काय वाकडं केलं हुतं ह्यांनी? तुमची पोलिसात वळख हाय. जरा सांगा की, अकरा दिसांवर पोरीचं लगीन हाय. इचलकरंजीची माणसं इचारायला लागल्यात.”

मी म्हटलं, बघतो. तिनं जाताना डब्यातून शीरखुर्मा दिला. ईद नाही, काही नाही. ह्यांची ही दशा असताना घरात कुणाच्या घशाखाली गोड उतरत नाही म्हणाली. डबा मी अजून उघडलेला नाही.

आता भीती वेगळीच आहे. आधी वाटायचं, कुणीतरी अनोळखी पिशवी घेऊन दारातून येईल. आता वाटतं, निसार येईल.

२ डिसेंबर, मंगळवार

मालकांनी बोलावलं. “पिराजी, १२ तारखेचं बुकिंग रद्द कर. पोलिसांचा ससेमिरा मागं लागल्याला माणूस, आपल्याला परवडायचं न्हाय. सही तुझी हाय, इसरू नको.” मी म्हटलं, मालक, तुम्हीच सांगा ना त्याला. ते म्हणाले, “तुझा दोस्त हाय की.”

नजीराला फोन केला. “वरनं आदेश आलाय,” असं सांगितलं. ती म्हणाली, “बरं, आण्णा. दारात मांडव घालू.” आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, पण फुफाट्यात मी नाही, ती उभी आहे. हे लिहिताना मला माझीच किळस आली.

४ डिसेंबर, गुरुवार

साहेबांनी मला चौकीत बोलावलं. मागच्या दारानं नेलं, निसार पुढच्या बाकड्यावर होता. खिडकीतून त्याची पाठ दिसली.

साहेब म्हणाले, “आमचे हवालदार म्हणतात, ‘जाळ अन् धूर’ हा इथला वाक्प्रचार आहे. जोरदार करायचं, असा अर्थ. खरं आहे का?” हवालदार पलीकडं तोंडावर हात ठेवून हसत होता. साहेबांनी पेन उघडलं. “प्रश्न सोपा आहे. फॉर्म भरताना हा अर्थ तुम्हाला माहीत होता का? होता, असं म्हणालात तर त्यांचा विषय इथंच संपतो. पण मग माहीत असून तुम्ही एका माणसाचं नाव का दिलंत, हे मला विचारावं लागेल.”

भिंतीवरचा पंखा घरघरत होता. माझ्या डोळ्यांसमोर सील लागलेलं दार आलं, मालक आले, पेपरात नाव आलं. शाहिस्ताही आली. लहान असताना ती बापाच्या स्पीकरच्या खोक्यावर बसून पाय हलवायची. ती आली, तरीही मी म्हटलं, “न्हाय साहेब. मी मूळचा नेसरीचा. आमच्या तिकडं असं बोलत न्हाईत. मला अर्थ ठाऊक नव्हता.”

हवालदाराचं हसू थांबलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. लिहून घेतलं, सही केली. साहेब म्हणाले, मग आणखी चौकशी करावी लागेल, ज्यांचं लग्न होतं त्यांना परत येऊ दे.

संयोगिताला सगळं सांगून टाकलं. फॉर्मचं, बुकिंगचं, आजचं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली. “नेसरीत म्हणत न्हाईत?” म्हणाली. “आपल्या लग्नात तुमचा बाच म्हणत हुता की वाजंत्र्याला.” एवढंच म्हणाली आणि तवा उतरवून बाहेर गेली. पीठ तसंच परातीत वाळलं.

८ डिसेंबर, सोमवार

विजयसिंहराव बालाजीहून परतले आणि डोक्याचा चकोट करून थेट चौकीत गेले. त्यांचा आवाज म्हणे रस्त्यावर ऐकू येत होता. “ते वाक्य माजं हाय, साहेब! त्यो माजीच आर्डर फोनवर सांगत हुता! मला बशिवता का बाकड्यावर? बशिवा!” साहेबांनी पाणी पाजलं, प्रकरण मिटवलं, मोबाईल आणि सिलेंडर परत दिले. निसारची माफीही मागितली म्हणतात.

म्हणजे गुरुवारी मी एक ‘व्हय’ म्हटलं असतं तर तो चार दिवस आधी सुटला असता. आणि मला काय झालं असतं? आता वाटतं, फारसं काहीच नाही. पण त्या खुर्चीत बसलेल्याला ते कसं कळणार?

निसार कार्यालयात आला नाही. दुपारी मुजम्मिल आला आणि उरलेल्या वायरी गुंडाळून घेऊन गेला. माझ्या टेबलावर लग्नाचं कार्ड ठेवलं. पाकिटावर माझं पूर्ण नाव, आडनावासकट. बोलावलंय म्हणजे राग नसावा, की त्याला कळलंच नसावं? नाव गुप्त आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जायचं नव्हतं. पोटात दुखतंय म्हटलं. संयोगिता नवी साडी नेसून दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चला. न्हायतर मी एकटी जाती, आणि इचारलं तर खरं काय ते सांगती.” गेलो.

गडमुडशिंगीत घरापुढच्या अंगणात मांडव. माणूस मावत नव्हता. इचलकरंजीची मंडळी बसभरून आली होती. निसार दारातच उभा. मला बघितलं आणि पुढं आला, दोन्ही हातांनी माझा हात धरला.

“या पावणं, या,” म्हणाला. “लांबनं आलाय. बसा, बसा.”

वरपक्षाच्या म्हाताऱ्यांशेजारी, सोफ्यावर मला बसवलं. सरबत स्वतःच्या हातानं दिलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी हसत, लहान पोराला समजावून सांगतात तसा बोलला. “पावणं नेसरीचं हायत. त्यास्नी म्हाईत न्हाय म्हणून सांगतो. आमच्या कोल्हापुरात जाळ अन् धूर संगट म्हणजे लई भारी, लई झ्याक. दुसरं कायबी न्हाय. चौकीत तुमचा जबाब वाचून दावला मला. म्हटलं, पावण्यास्नी ठावं नसंल, गाठ पडली की सांगावं.”

म्हातारे हसले. मीही हसलो. पेला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवला.

पंगत बसली. घरची माणसं कमी पडली तशी सगळी ओळखीची माणसं उठली. आमचा आचारी बिर्याणीचं पातेलं उतरवत होता. तो हसणारा हवालदारही पाण्याचा जग घेऊन फिरत होता. चकोट केलेले विजयसिंहराव कोशिंबिरीची बादली घेऊन ओरडत होते, “वाढा, वाढा, कुणाचं पान रिकामं ठेवू नगा!” संयोगिता कधीच आत बायकांच्यात गेली होती, तिथून तिचा हुकूम सोडण्याचा आवाज येत होता. अठरा वर्षं निसारच्या घरचं प्रत्येक कार्य मी असंच वाढून काढलंय. मी उठलो, बाह्या सारल्या आणि बिर्याणीची एक परात उचलली. पहिल्या पानापर्यंत पोचलो.

मागून निसार आला. परातीला हात लावला आणि अगदी हळू माझ्या हातातून काढून घेतली.

“असं कुठं असतंय व्हय? पावण्यानं वाढायचं नसतंय,” म्हणाला. “तुमी बसा.”

मी म्हटलं, “निसार, अरं, मी—”

“बसा पावणं.”

बसलो. त्यानं माझ्या पानावर वाढलं, आग्रह करून दोनदा वाढलं. मी सगळं संपवलं.